मूकपटाचा चेहरा: लाल रंग न दिसणाऱ्या फिल्मसाठी रंगभूषा, पायरीपायरीने

फिरोदिया करंडक या महाविद्यालयीन नाट्यस्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की पुण्यातल्या एखाद्या तरी गटाला मूकपटाचा तुकडा करायचा असतो. काही जण छोटी फिल्म करतात, काही जण रंगमंचावर पाच मिनिटांचा मूक प्रवेश बसवतात. आणि जवळजवळ सगळे एकच चूक करतात: चेहऱ्याला पांढरा रंग फासतात, ओठ काळ्या पेन्सिलीने भरतात, डोळ्यांभोवती काजळ पसरतात आणि मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट लावून शूट करतात. पडद्यावर चेहरा सपाट दिसतो, नाक हरवतं, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे उरतात. मूकपटातल्या नटांचे चेहरे असे नव्हते.

त्यांचे ओठ काळे दिसतात ते काळा रंग लावल्यामुळे नाही, फिल्मला लाल दिसत नव्हता म्हणून. सुरुवातीच्या मूकपटांची फिल्म निळ्या आणि पुढे हिरव्या उजेडाला प्रतिसाद द्यायची, लालला नाही. अशा फिल्मला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात. ही एक गोष्ट पक्की समजली की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप सुचायला लागतात.

पायरी १: चेहरा कोण बघणार आहे ते आधी ठरवा

कॅमेरा बघणार असेल तर रंगभूषा रंगीत करायची आणि काळं-पांढरं करण्याचं काम कॅमेऱ्यावर किंवा संपादनावर सोडायचं. समोर बसलेला प्रेक्षक बघणार असेल तर रंग चेहऱ्यावरूनच पुसून टाकावे लागतात, म्हणजे राखाडी छटांत रंगभूषा करावी लागते. या दोन वेगळ्या पद्धती आहेत. एकीचं सामान दुसरीत वापरलं की दोन्ही बिघडतात. पायरी २ ते १० कॅमेऱ्यासाठी आहेत. रंगमंचाचं शेवटी वेगळं लिहिलं आहे.

कुठल्या वर्षाचा मूकपट दाखवायचा तेही ठरवून ठेवा. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅनक्रोमॅटिक फिल्म रूढ झाली. तिला लालही दिसायचा, त्यामुळे रंगभूषेच्या छटाच बदलल्या. तुमचा तुकडा १९१३ ते १९२५च्या आसपासचा असेल तर खालचे नियम पूर्ण लागू.

पायरी २: कॅमेऱ्याला लाल दिसणार नाही अशी सोय करा

हे रंगभूषेच्या आधी करायचं, नंतर नाही. मोबाइलचा साधा ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर तिन्ही रंग धरून छटा काढतो. त्यात लाल लिपस्टिक मध्यम राखाडी येते आणि तुमचा सगळा हिशेब चुकतो.

रंगीतच शूट करा. नंतर दाविंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आरजीबी मिक्सर उघडून मोनोक्रोम निवडा आणि लाल ०, हिरवा ०.४, निळा ०.६ अशी सुरुवात करा. चेहरा फार काळवंडला तर हिरवा वाढवा आणि निळा तेवढाच कमी करा. लालला मात्र हात लावू नका. फिल्म कॅमेऱ्यावर स्थिरचित्रं काढणार असाल तर इलफर्डची ऑर्थो प्लस ही फिल्म खरोखरच ऑर्थोक्रोमॅटिक आहे. दिवसाच्या उजेडात तिची गती (आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता) ८० धरतात, पिवळ्या दिव्यांत ४०. गती अर्धी होण्याचं कारण तेच: पिवळ्या दिव्यात लाल भरपूर आणि निळा थोडा असतो.

रंगभूषा करताना दर वेळी फोटो काढून बघणं शक्य नसतं. नाटकाच्या प्रकाशयोजनाकाराकडून निळसर हिरव्या जिलेटीनचा (दिव्यापुढे लावतात त्या रंगीत पारदर्शक पत्र्याचा) तळहाताएवढा तुकडा मागून घ्या आणि डोळ्यासमोर धरून चेहरा बघा. लाल जागा लगेच काळवंडतात. त्या काळचे कॅमेरामनही निळ्या काचेतून दृश्य पारखत. आरशापेक्षा या तुकड्यावर जास्त विश्वास ठेवा.

*तपासणी:* लाल कुंकू, हिरवी बांगडी आणि निळं पेन एका पांढऱ्या कागदावर ठेवून शूट करा. कुंकू जवळजवळ काळं आणि बाकीचे दोन्ही त्याच्यापेक्षा उजळ दिसले तर सोय बरोबर झाली. कुंकू राखाडी दिसत असेल तर पुढे जाऊ नका.

पायरी ३: रंगपट्टी काढा

ही पायरी सगळे गाळतात, आणि जवळजवळ सगळी फसगत इथूनच सुरू होते. किमान तीन-चार दिवस आधी नटाला बोलवा. त्याच्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत, तुमच्याकडच्या प्रत्येक बेसचा, लिपस्टिकचा, रूजचा आणि आयशॅडोचा बोटभर पट्टा ओढा. शेजारी पेनने क्रमांक घाला. मग ज्या उजेडात शूट करणार त्याच उजेडात फोटो काढा, वरच्या पद्धतीने काळा-पांढरा करा आणि क्रमांकांपुढे निकाल लिहून ठेवा: पांढरा, उजळ, मध्यम, गडद, काळा.

डबीवर लिहिलेल्या छटेवरून अंदाज बांधू नका. डोळ्याला सारखे वाटणारे दोन बेज रंग असतात. एकात नारंगी झाक असते, दुसऱ्यात पिवळी. फिल्मवर पहिला दोन पायऱ्या काळा येतो. आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर हे जास्त जाणवतं, कारण त्वचेत मुळातच तांबूस-तपकिरी रंग आहे आणि ऑर्थो नजरेला तो आहे त्यापेक्षा गडद दिसतो.

याच वेळी त्वचेची चाचणीही उरकते. पट्टे अर्धा तास ठेवून पुसा आणि दुसऱ्या दिवशी खाज किंवा पुरळ आलं का ते विचारा.

लॉ कॉलेज रोडच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे आपण पुणेकर नशीबवान आहोत. मूकपटाची जुनी स्थिरचित्रं पाहायला मिळाली तर ओठांचा आकार, भुवयांची जाडी आणि गालांवर रूज नसणं या तीन गोष्टी वहीत टिपून घ्या. बाकीचं कपड्यांकडे आणि दागिन्यांकडे बघण्यात निघून जातं.

पायरी ४: सामान

तुळशीबागेत आणि आसपास यातलं बरंचसं मिळतं. ब्रँडचा हट्ट नको, रंगपट्टीत पास झालेलं घ्या.

ग्रीस बेसच्या तीन छटा लागतात: नटाच्या त्वचेइतकी, तिच्याहून एक पायरी उजळ आणि दोन पायऱ्या उजळ. पेन्ट स्टिक चालते. शिवाय कोल्ड क्रीम, बिनवासाची फेस पावडर, कापडी पफ, मऊ केसांचा रुंद ब्रश, तपकिरी आणि काळी पेन्सिल, तांबूस तपकिरी क्रीम रंग, फिकट निळी पेन्सिल, स्पंज, कापूस, खोबरेल तेल. चकाकणारं काहीही पिशवीत ठेवू नका. हायलायटर, शिमर, ओठांचा ग्लॉस हे सगळं घरी राहू द्या.

*सावधान:* जुन्या नाटकमंडळींच्या आठवणींत सफेदा, हिंगूळ, शेंदूर, हरताळ, मुर्दाडशिंग अशी नावं येतात आणि उत्साही मुलं ती रविवार पेठेत शोधायला निघतात. हिंगुळात पारा असतो, शेंदूर आणि मुर्दाडशिंगात शिसं, हरताळात आर्सेनिक. सफेद्याच्या नावाखाली शिशाची पूडही मिळू शकते. अस्सलपणासाठी यातलं काहीही चेहऱ्याला लावायचं नाही. दिसण्यात जो परिणाम हवा तो आजच्या सुरक्षित रंगांत पूर्ण मिळतो.

पायरी ५: त्वचेची तयारी

पुरुष नटांनी शूटच्या किमान दोन तास आधी दाढी करावी. ऐन वेळी केलेली दाढी त्वचा लाल करते, आणि लाल म्हणजे काळं. थ्रेडिंग आणि वॅक्सिंग आदल्या दिवशीही नको, तीन दिवस आधी उरका. रात्रीची झोप पुरी होऊ द्या, कारण डोळ्यांतल्या लाल शिरा पांढऱ्या भागावर काळ्या रेघांसारख्या येतात. पान किंवा चहा-तंबाखूचे डाग असलेले दात आहेत त्याहून मळके दिसतात. हातावर मेंदी असेल तर ती हातमोज्यासारखी काळी दिसेल. लग्नसराईत शूट ठेवताना हे नटीला आधी विचारा.

चेहरा धुवा, कोरडा करा. वाटाण्याएवढं कोल्ड क्रीम चोळा, दोन मिनिटं थांबा आणि टिश्यूने जवळजवळ सगळं टिपून घ्या. क्रीम राहिलं तर बेस तरंगतो, अजिबात नसेल तर ओढला जातो.

पायरी ६: डाग आणि दाढीची सावली

आजच्या ब्युटी पार्लरची सवय इथे घात करते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं किंवा दाढीची निळसर सावली झाकायला आपण नारंगी करेक्टर लावतो. रंगीत कॅमेऱ्यासाठी ते बरोबर आहे. ऑर्थो नजरेला मात्र नारंगी गडद दिसतो, म्हणजे झाकायला लावलेल्या रंगानेच डाग दुप्पट होतो.

माझ्याकडून हे एकदा झालं आहे. एका वाड्याच्या अंगणात सकाळभर शूट केलं, डोळ्यांना चेहरा निर्मळ दिसत होता, आणि संध्याकाळी संपादनात नायिकेच्या डोळ्यांखाली दोन मारल्याच्या खुणा उमटलेल्या. पूर्ण दिवस पुन्हा शूट करावा लागला. तेव्हापासून रंगपट्टीत करेक्टरही ओढते.

इथे डागाचा रंग मारायचा नाही, त्याचा गडदपणा झाकायचा आहे. पिवळसर झाकेचा, दोन पायऱ्या उजळ, दाट बेस बारीक ब्रशने फक्त डागावर ठेवा आणि बोटाच्या टोकाने कडा थोपटा. मुरमाचे लाल डाग, गालावरची लाली, नाकाच्या कडेचा तांबूसपणा हे डोळ्याला सौम्य वाटलं तरी झाकाच. १९१३च्या राजा हरिश्चंद्रात तारामती अण्णा साळुंके यांनी उभी केली होती. पुरुषाने स्त्रीभूमिका करायची असेल तर हनुवटी आणि वरच्या ओठावर या दाट बेसचे दोन पातळ थर द्या, मधे हलकी पावडर दाबा. एकच जाड थर दिला तर बोलल्याचा अभिनय करताना तो फुटतो.

*तपासणी:* जिलेटीनमधून बघा. डाग दिसतोय का? तर इथेच दुरुस्त करा. बेसखाली दबून जाईल या आशेवर सोडू नका.

पायरी ७: बेस

कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी यांवर ठिपके ठेवा. बोटं पाण्यात किंचित बुडवून मधून बाहेर पसरवा. छटा नटाच्या त्वचेहून एक पायरी उजळ, क्वचित दोन. त्याहून पुढे गेलात की तोच पिठासारखा सपाट चेहरा परत येतो.

थर पातळच हवा. काडीचं ग्रीसपेंट जाड बसायचं, चेहरा हलला की त्याला भेगा पडायच्या. नाटकात ते चौथ्या रांगेतूनही कळत नसे, पण कॅमेरा जवळ आला की लपत नसे. १९१४ साली रंगभूषाकार मॅक्स फॅक्टरने पडद्यासाठी बरणीतलं मलईसारखं ग्रीसपेंट १२ छटांत काढलं ते याच अडचणीवर. तुमच्याकडे स्टिक असेल तर ती थेट चेहऱ्यावर फिरवू नका. आधी हाताच्या पाठीवर घेऊन ऊब द्या, मऊ करा, मग लावा.

कान, कानामागची जागा, मान आणि गळा विसरू नका. कान रक्ताने लालसर असतात, म्हणून उघडे राहिले तर चेहऱ्याला दोन काळी पानं चिकटवल्यासारखे दिसतात. हात चेहऱ्याजवळ येणार असतील तर बोटांच्या पेरांनाही तोच बेस.

पायरी ८: छाया, पावडरच्या आधी

क्रम महत्त्वाचा आहे. दाढीवरच्या दोन थरांमधली हलकी पावडर सोडली तर क्रीम रंग नेहमी पावडरच्या आधी. पावडरवर क्रीम लावलं की डाग-डाग होतो आणि तो सुधारता येत नाही, चेहरा धुवावा लागतो.

गालावर गुलाबी रूज लावू नका. नवरीच्या मेकअपमधली गालाची लाली इथे गाल खप्पड करते. पण खप्पड गालच हवे असतील, म्हणजे आजारी माणूस, सावकार, उपाशी शेतकरी, तर तेच तुमचं सर्वात चांगलं हत्यार. तांबूस तपकिरी रंगाचा अगदी पातळ हात गालफडाच्या हाडाखाली, कानशिलांवर, जबड्याखाली आणि नाकाच्या दोन बाजूंना फिरवा. आरशात कमी वाटेल इतकाच लावा. डोळ्याला जेवढा दिसतो त्याच्या दुप्पट तो फिल्मवर उतरतो. उजाळा हवा तिथे, म्हणजे नाकाचा दांडा, भुवईखालचं हाड, हनुवटीचं टोक, फक्त उजळ बेस.

पापण्यांवर तोच तपकिरी रंग, घडीत गडद आणि भुवईकडे विरत गेलेला. निळी आयशॅडो लावली तर पापणी पांढरी होऊन डोळा सुजल्यासारखा दिसतो.

पायरी ९: पावडर, मग डोळे, मग ओठ

पफवर भरपूर पावडर घ्या, तळहातावर चोळून मुरवा आणि चेहऱ्यावर दाबा. घासू नका. डोळे मिटून पापण्यांवरही दाबा. दोन मिनिटं तशीच राहू द्या, मग मऊ ब्रशने वरून खाली झटका. चेहरा मखमली आणि बिनचमक दिसला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर शूट करत असाल तर घाम आधी टिश्यूने टिपा आणि मगच पुन्हा पावडर लावा. घामावर लावलेल्या पावडरचा लगदा होतो.

डोळ्यांना वरच्या पापणीच्या मुळाशी काळी रेघ, बाहेरच्या कोपऱ्याशी किंचित जाड. खालची रेघ तपकिरी आणि पापण्यांच्या केसांबाहेर. डोळ्याच्या आतल्या कडेला काजळ भरलं की डोळा लहान होतो आणि मूकपटात डोळ्यांनाच बोलायचं असतं. आतल्या कडेवर फिकट निळी पेन्सिल ओढली तर ती पांढरी उमटते आणि डोळा मोठा, टवटवीत दिसतो. शूटच्या दिवशी बघणारे लोक या निळ्या रेघेला नावं ठेवतात, तिकडे लक्ष देऊ नका. काजळ आणि पेन्सिली मात्र प्रत्येक नटाच्या वेगळ्या. एकच काजळ चार जणांत फिरवलं की डोळे येतात.

ओठांना हात लावण्याआधी नुसत्या ओठांचा फोटो बघा. काहीच न लावलेले ओठ पुरेसे गडद दिसतात, बऱ्याचदा जास्तच. म्हणून पुरुषांच्या ओठांवर बेस हलका थोपटा आणि पुसा, बस. स्त्रीभूमिकेसाठी आधी ओठ बेसने झाका, मग रंगपट्टीत 'मध्यम' आलेल्या फिकट गुलाबीने आकार काढा: वरच्या ओठाची कमान ठळक, कोपरे दोन्हीकडून थोडे आत. लाल लिपस्टिक खलनायिकेसाठी राखून ठेवा, तीही पातळ.

*सावधान:* तोंड मोठं उघडून हसायचा प्रसंग असेल तर हिरड्या काळ्या दिसतात. त्यावर रंगाचा इलाज नाही. दिग्दर्शकाला सांगून हसू मिटल्या ओठांनी करून घ्या.

पायरी १०: कुंकू, कपडे, उजेड

रंगभूषाकार इथे थांबतो आणि वेशभूषा वेगळी व्यक्ती करते, म्हणून मेळ बसत नाही. वेशभूषा करणाऱ्यालाही तोच जिलेटीनचा तुकडा द्या. लाल कुंकू ठळक काळं येतं, ते छानच दिसतं. लाल काठ आणि लाल शालू मात्र काळे ठिक्कर पडतात, त्यांवरची वेलबुट्टी नाहीशी होते. हळदी पिवळा अपेक्षेपेक्षा मळका येतो. आकाशी निळा जवळजवळ पांढरा. शुभ्र पांढरं धोतर उन्हात इतकं पेटतं की चेहरा त्यापुढे काळवंडतो. ते चहाच्या फिक्या पाण्यातून काढून वाळवा, डोळ्याला जुनाट पिवळट दिसेल, पडद्यावर सौम्य पांढरं.

उजेड दिवसाचाच घ्या. मोकळ्या गच्चीवर किंवा वाड्याच्या चौकात वर पातळ मांजरपाट ताणा, म्हणजे ऊन गाळून येतं आणि नाकाखाली कडक सावली पडत नाही. आपल्याकडचे मूकपट बहुतेक अशाच गाळलेल्या सूर्यप्रकाशात झाले. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ चांगली. सूर्यास्ताच्या सोनेरी उजेडात शूट करू नका: त्यात निळा उरत नाही, चेहरे काळे पडतात आणि निळ्या चॅनलमध्ये दाणे उठतात. पिवळ्या बल्बचंही तेच.

*शेवटची तपासणी:* पूर्ण वेशात, ठरलेल्या जागी, दहा सेकंदांचा तुकडा घ्या आणि लगेच मिक्सरमधून काढून बघा. चेहरा आणि मान एका छटेत आहेत का, कान वेगळे पडत नाहीत ना, डोळ्यांचा पांढरा भाग दुरून दिसतो का. ही दहा मिनिटं दिली नाहीत तर दिवस जातो.

वय वाढवण्याची एक जुनी युक्ती

एकाच शॉटमध्ये, कट न घेता, तरुण चेहरा म्हातारा करायचा असेल तर सुरकुत्या लाल पेन्सिलीने काढा. लाल उजेडात, म्हणजे मिक्सरमध्ये फक्त लाल चॅनल ठेवल्यावर, त्या दिसत नाहीत. मग संपादनात हळूहळू लालकडून निळ्याकडे सरका. सुरकुत्या त्वचेतून वर येतात. पूर्वी हे दिव्यांपुढचे रंगीत फिल्टर बदलून करत. अट एकच: या शॉटमध्ये ओठ पूर्ण बेसने झाकलेले हवेत, नाहीतर तेही सोबत काळे होत जातात आणि युक्ती उघडी पडते.

रंगमंचावर करायचं असेल तर

भरत नाट्य मंदिरातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला तुमचा चेहरा राखाडी दिसायला हवा. वरचं काहीच इथे चालत नाही. पांढरा आणि काळा ग्रीस मिसळून तीन राखाडी छटा आधीच डब्यांत तयार करा. नुसत्या पांढऱ्या-काळ्याचं मिश्रण निळसर वाटतं, त्यात नखभर तपकिरी घाला. त्वचेवर राखाडी पातळ लावला तर खालचा पिवळा वर येऊन चेहरा आजारी हिरवट दिसतो, म्हणून थर कॅमेऱ्यासाठी लावला त्यापेक्षा दाट हवा. ओठ गडद राखाडी, छाया मध्यम राखाडी, पापण्या, नाकपुड्यांच्या कडा, कान, मानेची मागची बाजू, दोन्ही हात कोपरापर्यंत. जीभ लालच राहते, म्हणून तोंड उघडण्याच्या जागा तालमीतच कमी करा. प्रकाशयोजनाकाराला अंबर आणि गुलाबी जिलेटीन काढून टाकायला सांगा, नाहीतर सगळा राखाडी रंगीत होतो.

रंग उतरवणं

पाणी आधी लावायचं नाही, ग्रीस आणखी घट्ट बसतं. तळहातावर खोबरेल तेल घेऊन पूर्ण चेहऱ्यावर हलक्या हाताने फिरवा, मिनिटभर थांबा, कापसाने वरून खाली पुसा. डोळ्यांवर तेलाचा कापूस पंधरा सेकंद ठेवा, मग ओढा. कापूस स्वच्छ येईपर्यंत हेच, आणि शेवटी सौम्य साबण व कोमट पाणी. कानामागे आणि केसांच्या कडेला रंग राहतो, तिथे बोट फिरवून बघा.